टंड्राचं तिकीट, पाचोडमार्गे

जानेवारी उजाडला की तुमच्या फोनवरही त्या जाहिराती यायला लागतात. रात्रीचे बारा वाजलेत, तरी डोक्यावर ऊन. रबरी बोटीत लाल जॅकेटवाली दहा-बारा माणसं आणि समोर किनाऱ्यावर पांढरं अस्वल. खाली लिहिलेलं, 'आर्क्टिक समर, जुलै बुकिंग सुरू.' आमच्या ग्रुपवर हे रील पडलं तेव्हा पहिला रिप्लाय आला, "खर्च किती?" दुसरा लगेच, "बाबांना विहिरीसकट शेत विकावं लागंल."

हसून सोडून देऊ नका. ही ट्रिप नेमकी असते कशी, ते आधी बघू. मग अंबडहून टंड्राला जायचा एक स्वस्तातला रस्ता सांगते.

गाइडशिवाय पाऊल नाही

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. विमानाने लॉन्गइयरब्येन गावात उतरायचं, तिथून छोट्या जहाजावर आठवडाभर फिरायचं. वस्तीबाहेर जायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. म्हणून किनाऱ्यावर आधी गाइड उतरतो, खांद्यावर रायफल टाकून परिसर नजरेखालून घालतो आणि मगच पाहुण्यांना बोलावतो. २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं आणि मार्च ते जून ५०० मीटर. रीलमध्ये अस्वल जवळ दिसतं ती लेन्सची करामत असते.

टंड्रा म्हणजे झाडंच नसलेला प्रदेश. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो, खालचा वर्षानुवर्षं गोठलेलाच. त्यामुळे पाणी मुरत नाही, जागोजाग डबकी साचतात आणि त्यात कीटकांची नुसती जत्रा भरते. ही जत्रा खायला जगभरातून पक्षी तिथे जातात. ते जातात कुठून? उत्तर आपल्या घराजवळ आहे.

तो आत्ता इथेच आहे

अंबडहून पाचोडमार्गे पैठणला जा. जायकवाडीचं नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्रफळ सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. लोक तिथे रोहित बघायला जातात, म्हणजे फ्लेमिंगो. मीही त्यासाठीच गेले होते. पाणी ओसरलेल्या चिखलात बारके करडे पक्षी तुरुतुरु पळत होते, शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच मारत. मी त्यांच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "काय बघायलीस गं लेकरा?" मी म्हटलं, "फ्लेमिंगो." ते म्हणाले, "ते समदेच बघतेत. ही बारकी बघ. पाऊस सरता सरता येतेत अन् उन्हाळ्यात गायब. जातेत कुठं, काय म्हाईत!"

ते छोटे टिलवे होते. इंग्रजीत लिटल स्टिंट. वजन साधारण २० ते ३० ग्रॅम, पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यापेक्षाही कमी. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंतच्या टंड्रात हा घरटं करतो. सरळ रेषेत धरलं तरी आपल्यापासून सुमारे सहा हजार किलोमीटर. जूनमध्ये तिथे बर्फ हटलं की चार अंडी, तीन आठवड्यांत पिल्लं. ती जन्मल्या दिवसापासून स्वतःच कीटक टिपतात. त्यांना ना व्हिसा लागतो, ना गाइड.

उंदीर तिकडे, परिणाम इकडे

तिकडचा उन्हाळा कसा गेला, त्यावर इकडचा हिवाळा ठरतो. टंड्रात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. दर तीन-चार वर्षांनी त्याची संख्या भरमसाट वाढते आणि मग कोसळते. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिक कोल्हा त्यांच्यावर ताव मारतो, कमी झाले की पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळतो. म्हणजे सायबेरियात उंदीर कमी झाले की त्या हिवाळ्यात दक्षिणेला येणारी नवी पिल्लं कमी!

हे जुनं चक्र आहे, पक्षी त्यातून सावरतात. नवीन संकट वेगळं आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. रेड नॉट या टिलव्याच्या भाईबंदावर २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अभ्यास आला. त्याच्या टंड्रातल्या घरट्यांच्या भागात तेहतीस वर्षांत बर्फ वितळणं दोन आठवड्यांहून जास्त अलीकडे सरकलं. पिल्लं जन्मेपर्यंत कीटकांचा भर ओसरलेला. पिल्लं लहानखुरी राहिली, चोचही आखूड. मग हिवाळ्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल दडलेले शिंपले त्या चोचीला पुरेनात, आणि आखूड चोचीचे पक्षी जास्त मेले. उपासमार टंड्रात झाली, मरण आफ्रिकेत आलं.

आपल्या टोकाला काय?

या प्रवासाचं एक टोक आपल्या हातात आहे. टिलव्याला खोल पाणी चालत नाही, त्याला उथळ पाण्याची चिखलाची कड लागते. नाथसागराचं पाणी उतरलं की त्याच कडेवर गाळपेर होते. ती करणारा शेतकरीही तुमच्या-आमच्यातलाच, त्याला चूक ठरवणं सोपं नाही. त्यात जलाशयावर तरंगत्या सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प येऊ घातलाय. त्याविरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. कोंडी बघा. टंड्रा थंड राहायला हवा तर कोळसा कमी जाळावा लागेल, म्हणजे सूर्याची वीज हवी. पण तीच वीज त्याच पक्ष्यांच्या मुक्कामी उभी राहणार. पॅनल कुठे असावेत, कुठली कड मोकळी ठेवावी, हे ठरवायला पक्षी कुठे किती आहेत याच्या नोंदी लागतात. त्या नोंदी करायला पीएचडी लागत नाही. आपण करू शकतो.

आणि खऱ्या टंड्राला जायचंच असेल तर अभ्यासाचा रस्ताही आहे. स्वालबार्डमध्येच न्यू-ओलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. भूगोल, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र शिकणाऱ्यांनो, तिच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा.

या रविवारी जाताय?

- पहाटे निघा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, दुर्बिणीतून काही धड दिसत नाही.
- भडक कपडे नकोत, ड्रोन तर नकोच.
- रीलसाठी थवा उडवू नका. टिलव्याला परतीच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवायची असते. एक उड्डाण म्हणजे त्याचं एक जेवण वाया.
- 'मर्लिन' ॲप फुकट आहे, पक्षी ओळखायला मदत करतं. मोजलेले पक्षी 'ई-बर्ड'वर नोंदवा.
- आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. कॉलेजच्या निसर्ग मंडळातर्फे सहभागी व्हा. मंडळ नसेल तर काढा.

एप्रिल-मेपर्यंत टिलवे निघून जातील. ते काका पुन्हा भेटले तर 'जातेत कुठं' याचं उत्तर मला द्यायचंय. तुम्ही आधी पोहोचलात, तर तुम्हीच सांगा.