सुट्ट्यांची यादी कोण ठरवते?

महाराष्ट्रात एकाच गल्लीतल्या दोन शाळांची दिवाळीची सुट्टी वेगवेगळी असू शकते. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा साधारण दोन आठवडे बंद राहते. शेजारची केंद्रीय मंडळाची खासगी शाळा आठवड्याभरात उघडते आणि नाताळात पुन्हा आठ-दहा दिवस बंद होते. एका घरातली दोन मुले अशा दोन शाळांत असली की आजोळी जायचा बेत दरवर्षी फिसकटतो. सरकारी शाळेला फार सुट्ट्या आणि खासगी शाळेत शिस्त, असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. दोन्हीकडच्या सुट्ट्यांचे एकूण दिवस जवळपास सारखेच असतात. त्या कोण ठरवतो, कशासाठी ठरवतो आणि शाळा बंद राहिली की मुलाचे काय बुडते, यांत मात्र मोठे अंतर आहे.

पाया सर्वांना समान आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या शाळांना लागू होतो. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालेच पाहिजे, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. महाराष्ट्राची माध्यमिक शाळा संहिता याहून कडक आहे. तिच्यानुसार वर्षभरातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जाता कामा नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत. शिक्षण विभागाच्या सुट्ट्यांविषयीच्या परिपत्रकात हे दोन आकडे वर्षानुवर्षे येत आले आहेत.

हे गणित करून पाहण्यासारखे आहे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की २३७ उरतात. म्हणजे शाळेच्या हाती जादाचे दिवस जेमतेम सात. अतिवृष्टी, निवडणूक, गावातली एखादी दुर्घटना, सगळे या सात दिवसांत बसवायचे. जिल्हा परिषदेची शाळा आठवड्यातून सहा दिवस भरते आणि शनिवारी सकाळची असते, म्हणूनच हा हिशेब जुळतो. अनेक महागड्या खासगी शाळा पाच दिवसांच्या आठवड्यावर चालतात. त्यांचे १०४ शनिवार-रविवार आधीच गेलेले असतात. उरलेल्या २६१ दिवसांतून शिक्षण हक्क कायद्याचे २२० राखायचे तर सणवार आणि मोठ्या सुट्ट्या मिळून ४१ दिवसच मोकळे राहतात. उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी त्यांतले तीस दिवस घेते. अशा शाळेत दिवाळी आखडती का असते, पोळ्याला किंवा नारळी पौर्णिमेला शाळा का भरते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या वजाबाकीत आहे. मुलांना घरी सुट्टी कमी वाटते खरी, पण ती शनिवारच्या रूपाने वर्षभर विभागून मिळालेली असते.

यादी तयार होण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. सार्वजनिक सुट्ट्या राज्याचा सामान्य प्रशासन विभाग जाहीर करतो. त्यासाठी आधार १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा, आणि त्या वर्षाला साधारण दोन डझन असतात. त्यांखेरीज जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्ट्या देतात. नागपुरात मारबतीच्या दिवसाला असलेले महत्त्व कोल्हापुरात नाही, म्हणून ही सोय. या दोन याद्या हाताशी घेऊन प्राथमिक शिक्षणाधिकारी जिल्हा परिषद शाळांची यादी बनवतात. मराठी आणि उर्दू माध्यमासाठी ती वेगळी निघते, शिक्षक संघटनांचे म्हणणे विचारात घेतले जाते, आणि मग ती गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत मुख्याध्यापकाच्या टेबलावर येते. त्याच्या अधिकारात एक-दोन दिवस उरतात. गावची जत्रा किंवा उरूस यांच्यासाठी ते राखून ठेवायचे, हा बहुतेक मुख्याध्यापकांचा शिरस्ता असतो.

खासगी पण अनुदानित शाळा मधल्या जागी उभ्या आहेत. संस्था खासगी असली तरी पगार सरकारी तिजोरीतून होतो, त्यामुळे माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्य केलेली यादीच तिथे चालते. अनेक जिल्ह्यांत ती मुख्याध्यापक संघाच्या सल्ल्याने ठरते. खरे स्वातंत्र्य आहे ते विनाअनुदानित शाळांना, त्यातही केंद्रीय किंवा अन्य मंडळांशी संलग्न असलेल्यांना. तिथे वर्ष सुरू होण्याआधीच पालकांच्या हाती छापील दिनदर्शिका पडते. परीक्षा, स्नेहसंमेलन, सहल, सुट्ट्या, सगळे तारखांसह त्यात असते. नोकरदार पालकांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. रेल्वेचे आरक्षण काही महिने आधी करायचे असेल तर परिपत्रकाची वाट बघत बसता येत नाही.

सुट्टी कमी-जास्त करण्याऐवजी ती इकडून तिकडे हलवण्याची तरतूद मात्र सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांना आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून तेवढे दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणाला जोडावेत, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असे परिपत्रक सांगते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात याचा नेमका उपयोग होतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा तिथली शाळा बंदच असते. मिशनरी संस्थांच्या शाळा याच मार्गाने दिवाळीतले दिवस काढून नाताळला लावतात. त्यात वावगे काही नाही. वाद होतो तो मुंबई-ठाण्यात एखादी शाळा ऐन गणपतीत चाचणी परीक्षा ठेवते तेव्हा. कोकणात घर असलेल्या पालकांना अशा वेळी गाव किंवा परीक्षा यांतले एक निवडावे लागते, आणि ही निवड मुलावर लादण्याचे कोणतेही शैक्षणिक कारण नाही.

याच तरतुदीची गरज सर्वांत जास्त आहे ती ऊसतोड कामगारांच्या मुलांना. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण त्यांच्या गैरहजेरीत पार पडते, आणि ती गावी येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच २ मे उजाडतो, शाळेला कुलूप लागते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. परंतु सुट्टीची आखणीच या मुलांच्या ये-जा पाहून करावी, हा विचार यादीत उतरत नाही. ज्या व्यवस्थेने कोकणातल्या गणपतीची दखल घेतली, तिला मराठवाड्यातल्या कोयत्याची दखल घेणे अवघड नाही.

उन्हाळ्याची सुट्टी हा सरकारी आणि खासगी वेळापत्रकांत सर्वाधिक ओढाताण होणारा भाग आहे. राज्य मंडळाच्या शाळांत १ मेला झेंडावंदन, त्याच दिवशी निकालपत्रक, २ मेपासून सुट्टी आणि जूनच्या मध्यावर शाळेचा पहिला दिवस, असा क्रम रुळलेला आहे. विदर्भात ऊन ओसरलेले नसते म्हणून तिथल्या शाळा आणखी आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. केंद्रीय मंडळाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे तिथली मुले एप्रिलमध्ये नव्या वर्गात बसतात, महिनाभर शिकतात आणि मग सुट्टीवर जातात. १ एप्रिलच्याही आधी वर्ग भरवण्याचा काही शाळांचा उत्साह इतका वाढला की मार्च २०२३मध्ये मंडळाला तसे न करण्याची ताकीद द्यावी लागली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आली. राज्य सरकारने राज्य मंडळाच्या शाळांना २१ एप्रिलपासूनच सुट्टी दिली आणि इतर मंडळांच्या शाळांनी आपल्या कार्यक्रमानुसार निर्णय घ्यावा, असे सांगितले. ऊन दोन्ही शाळांतल्या मुलांना सारखेच लागते, त्यामुळे हा फरक खटकणारा होता. दोन वर्षांनी काटा उलटा फिरला. वार्षिक परीक्षा लवकर उरकल्या की मुले शाळेत येत नाहीत आणि दिवस वाया जातात, या कारणाने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२५मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षांचे एकच वेळापत्रक काढले. ८ ते २५ एप्रिल या काळात सर्व व्यवस्थापनांच्या शाळांनी त्यानुसार परीक्षा घ्यायच्या होत्या. २५ला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल, म्हणजे शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला पाच दिवस, अशी ओरड झाली. गावी जाण्याची तिकिटे काढून बसलेल्या पालकांचीही पंचाईत झाली. परिषदेचे कारण बरोबर होते, पण बदल वर्षाच्या शेवटी लादण्याऐवजी जूनमध्ये सांगितला असता तर विरोधाचे निम्मे मुद्दे उरलेच नसते.

सरकारी शाळा आणखी एका कारणाने बंद राहतात, आणि ते कोणत्याच यादीत नसते. मतदान केंद्र बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतच असते आणि केंद्रावरचे कर्मचारी म्हणजे बऱ्याचदा तिथलेच किंवा शेजारच्या गावचे शिक्षक. शिक्षण हक्क कायदा शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करतो, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा त्याने अपवाद केला आहे. २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानाआधी यातून गोंधळ उडाला. १८ आणि १९ तारखेला राज्यातल्या सगळ्या शाळा बंद, अशी बातमी पसरली. प्रत्यक्षात ज्या शाळेतले सर्वच शिक्षक निवडणूक कामावर गेले आहेत आणि शाळा चालवणे शक्य नाही, तेवढ्यापुरता निर्णय मुख्याध्यापकाने घ्यायचा होता. सरसकट सुट्टी नाही, असा खुलासा शिक्षण आयुक्तांना करावा लागला. वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दोघेही शिक्षक प्रशिक्षणाला आणि मतदानाच्या कामाला गेले की शाळा आपोआप बंद होते. विनाअनुदानित शाळेत असा प्रसंग क्वचितच येतो. सरकारी शाळेच्या सुट्ट्या जास्त वाटतात, त्यात या न मागितलेल्या बंद दिवसांचा वाटा मोठा आहे. त्यांचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

बंद शाळेचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. शाळा बंद म्हणजे खिचडी बंद. म्हणूनच दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना हे जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये दिला. २०१९च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या गावांत मे महिन्यातही शाळेची चूल पेटली. सुट्टीतला हा प्रश्न फी घेऊन शिकवणाऱ्या शाळेपुढे कधी येतच नाही.

एका बाबतीत मात्र सगळ्या शाळा एका आदेशाखाली येतात. अतिवृष्टी किंवा पूर असेल तर जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार आणि महापालिका आपल्या हद्दीत सुट्टी जाहीर करू शकतात. त्या आदेशात सर्व माध्यमांच्या, सर्व व्यवस्थापनांच्या शाळा असे स्पष्ट लिहिलेले असते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मुले रात्रभर शाळांत अडकली. त्यानंतर यंत्रणा अधिक सावध झाली, तरी आदेश वेळेत निघेलच असे नाही. ८ जुलै २०२४ला मुंबईत रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि महापालिकेने सकाळच्या सत्राला सुट्टी दिली, तोवर सकाळच्या अनेक शाळांतल्या मुलांची घरातून निघण्याची वेळ झाली होती.

बुडालेला दिवस भरून काढताना पुन्हा दोन वाटा फुटतात. पाच दिवसांची खासगी शाळा पुढचा एखादा शनिवार भरवते किंवा त्याच दिवशी मुलांना ऑनलाइन वर्गात बसवते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा शनिवार आधीच कामाचा असतो आणि घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. तिथे तो दिवस दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतून वळता करावा लागतो, नाहीतर वर जमवलेल्या सात दिवसांतून एक कमी होतो.