योनिगत जंतुसंसर्ग : निदान कोठे चुकते?

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. चिकित्सालयात ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून बल्य औषधे दिली जातात, तर औषधाच्या दुकानातून बुरशीवरील योनिवर्ती हाती पडते. दोन्ही ठिकाणी स्रावाची प्रत्यक्ष तपासणी तेवढी राहून जाते. परजीवी जंतूंमुळे होणारा संसर्ग अशा वेळी महिनोन्महिने अंगात टिकतो. म्हणून या संसर्गाच्या निदानाचा विचार येथे करीत आहोत.

ग्रंथोक्त आधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘अचरणा’ हिचे कारण योनीची अस्वच्छता व त्यातून उत्पन्न होणारे जंतू असे सांगितले असून, कंडू हे तिचे प्रमुख लक्षण होय. वाग्भटाचार्यांनी हीच अवस्था ‘विप्लुता’ या नावाने सांगितली आहे. जंतूंचा योनिरोगाशी संबंध आपल्या परंपरेस अपरिचित नाही, हे यावरून स्पष्ट होते. मात्र आजच्या ज्ञानानुसार या रोगाचा प्रमुख जंतू लैंगिक संबंधातूनच पसरतो. त्यामुळे ‘स्वच्छता पाळत नाही’ असा ठपका रुग्णेवर ठेवणे अन्यायाचे आहे.

प्रमुख जंतू

हा जंतू म्हणजे ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस. आल्फ्रेड दोने यांनी 1836 साली पॅरिस येथे त्याचे प्रथम वर्णन केले. हा एकपेशीय जीव आकाराने पू-पेशीएवढा असतो. त्याला पुढील बाजूस चार कशाभिका असतात, तर पाचवी लहरत्या पडद्याच्या कडेने जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली 15 ते 49 या वयोगटात या संसर्गाचे सुमारे 15 कोटी 60 लाख नवे रुग्ण झाले. गर्भिणीमध्ये अकाली प्रसूती व कमी वजनाचे बालक यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. शिवाय एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही त्यामुळे वाढते.

केवळ लक्षणांवरून निदान का होत नाही?

पिवळसर हिरवा, फेसाळ, दुर्गंधी स्राव हे पुस्तकी चित्र थोड्याच रुग्णांत दिसते. बहुसंख्य बाधितांत लक्षणे अत्यल्प असतात किंवा मुळीच नसतात. गर्भाशयमुखावरील लाल ठिपके नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात. दोषलक्षणांचा विचार केला तरी अडचण उरतेच. फेस पाहून वाताकडे, पीतवर्ण, दाह व दुर्गंध पाहून पित्ताकडे, तर कंडू व पिच्छिलता पाहून कफाकडे लक्ष जाते. आणि ही तिन्ही चित्रे एकाच जंतूमुळे उमटू शकतात. दोषविचार रुग्णेची अवस्था जाणण्यास उपयोगी आहे, पण हेतूची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

पीएच पट्टीने पहिली विभागणी करता येते. बुरशीच्या संसर्गात पीएच सामान्यतः 4.5 पर्यंतच राहतो. ट्रायकोमोनास व जिवाणुजन्य योनिदोष या दोहोंत तो बहुधा 4.5 च्या वर जातो. त्यामुळे वाढलेला पीएच हे केवळ सूचक चिन्ह आहे. शिवाय आर्तव व शुक्र यांच्या मिश्रणानेही तो वाढतो, हे ध्यानात असावे.

नमुना घेताना

येथे आमचीच एक चूक नमूद करतो. दीर्घकाळ कंडू व स्राव असलेल्या एका रुग्णेस आम्ही प्रथम पंचवल्कल क्वाथाने योनिधावन केले आणि दुसऱ्या दिवशी नमुना तपासणीस पाठविला. अहवालात जंतू आढळले नाहीत. धावन व पिचू बंद ठेवून काही दिवसांनी पुन्हा नमुना घेतला, तेव्हा स्लाईडवर हलणारे जंतू स्पष्ट दिसले. तेव्हापासून ‘आधी नमुना, मग स्थानिक उपचार’ हा क्रम आम्ही कधी मोडला नाही.

स्पेक्युलम लावून योनीच्या मागील कोनातून स्राव घ्यावा, कोमट नॉर्मल सलाईनच्या थेंबात मिसळून कव्हर स्लिप ठेवावी व शक्यतो दहा मिनिटांच्या आत स्लाईड पाहावी. जंतूची ओळख त्याच्या झटकेदार हालचालीवरून होते. नमुना थंड झाला किंवा तासभर पडून राहिला की हालचाल मंदावते आणि स्थिर झालेला जंतू पू-पेशीसारखाच दिसतो. म्हणूनच दूरच्या प्रयोगशाळेत सायंकाळी पोहोचलेल्या नमुन्याच्या ‘आढळले नाही’ या अहवालावर विसंबू नये.

योग्य रीतीने केली तरी ही तपासणी सुमारे निम्म्या ते दोनतृतीयांश रुग्णांतच जंतू दाखविते. जंतू दिसला तर निदान निश्चित. न दिसल्यास संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. शंका उरल्यास कल्चर किंवा त्याहून संवेदनशील असलेली न्यूक्लिक आम्ल तपासणी करून घ्यावी.

इतर परजीवी

लहान मुलींच्या योनिकंडूमध्ये गुदद्वाराजवळून पुढे सरकलेल्या सूत्रकृमीचा विचार करावा. सकाळी शौचापूर्वी गुदद्वाराशी चिकटपट्टी लावून तपासल्यास अंडी सापडतात. अमीबाजन्य व्रण क्वचित होतो, परंतु तो कर्करोगासारखा भासतो. म्हणून गर्भाशयमुखावरील कोणत्याही व्रणाचा तुकडा तपासल्याविना उपचार करू नये. आफ्रिकेतून आलेल्या रुग्णेत शिस्टोसोमाचाही विचार व्हावा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे केंद्र असल्याचे 1952 साली नोंदले गेले होते.

निदानानंतर

ट्रायकोमोनास निश्चित झाल्यावर मेट्रोनिडॅझोलसारखे औषध आवश्यक ठरते. त्यासाठी रुग्णेस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिककडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना ते देऊ नये. वारंवार योनिवर्ती नेणाऱ्या ग्राहकास तपासणीचा सल्ला द्यावा. पतीस बहुधा कोणतीच लक्षणे नसतात, तरीही त्याचे उपचार सोबतच व्हावयास हवेत. अन्यथा संसर्ग पुन्हा होतो. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध वर्ज्य करावा आणि तीन महिन्यांनी स्त्रीची फेरतपासणी करावी.

शेवटी एक सांगावेसे वाटते. हा जंतू लक्षणांविना दीर्घकाळ राहू शकतो. त्यामुळे तो कधी व कोणाकडून आला हे तपासणीवरून ठरविता येत नाही. हे उभयतांना समजावून सांगितले नाही, तर आपण दिलेला अचूक अहवालही एखाद्या घरात संशयाचे कारण ठरेल. निदान सांगताना तेवढी काळजी घेणे हेही वैद्याचेच कर्तव्य होय.