पाइपची तंबाखू घरी मुरवताना

पाइपमध्ये ओढायची तंबाखू डब्यात भरली जाते तेव्हा तिची वाळवणी, उबवणी आणि मिश्रण उरकलेले असते. त्यानंतर बंद बरणीत तिच्यात जे सावकाश बदल होत राहतात, त्यांना मुरणे हाच नेमका शब्द आहे. लोणच्यासारखाच इथेही उग्रपणा बसतो, चवी एकमेकींत उतरतात, वास सुक्या मेव्याकडे झुकतो. मात्र लोणच्याचा न्याय तंबाखूला सरसकट लावला की घोटाळा होतो.

जितकी जुनी तितकी चांगली, हा त्यातला पहिला समज. पण मुरणे तंबाखूच्या प्रकारावर ठरते. व्हर्जिनिया प्रकारच्या तंबाखूची पाने भट्टीच्या गरम हवेत आठवडाभरात सुकवतात. तेवढ्या वेळात पानातल्या स्टार्चची साखर होते आणि ती तशीच राहते. मुरण्याला मुख्य आधार या साखरेचा. बर्ली प्रकारची तंबाखू मोकळ्या हवेत कित्येक आठवडे सुकते. तोवर पान स्वतःची बहुतेक साखर संपवून बसते, त्यामुळे ती पुढे फारशी बदलत नाही. धुरावर धरलेल्या लाटाकियाचा धुरकटपणा वर्षांमागून मवाळ होतो, पण त्या धुरासाठीच ती घेणाऱ्याला हा तोटाच वाटेल. व्हॅनिला किंवा चेरीचा वास लावलेली तंबाखू मुरवण्यात तर अर्थच नाही. वरून लावलेला वास काळाबरोबर फिका पडतो.

मुरलेली तंबाखू सौम्य लागते म्हणून ती कमी अपायकारक, हा समज सर्वांत घातक. सौम्य होते ती चव. पाने सुकवताना तयार झालेली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स बरणीत नाहीशी होत नाहीत. धूर छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते, आणि ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो.

सिगारची लाकडी पेटी पाइपच्या तंबाखूलाही चालेल, असे अनेकांना वाटते. त्या पेटीत आर्द्रता 65 ते 70 टक्के राखतात. साखरपाक लावलेल्या सुट्या तंबाखूला तिथे बुरशी धरू शकते, शिवाय पेटीच्या लाकडाचा वास लागतो तो वेगळाच. ओलाव्यासाठी सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकणे म्हणजे बुरशीला आवतणच. ओलावा पाहायचा तो चिमटीत. दाबून सोडलेली तंबाखू हळूहळू मोकळी झाली तर ती ठीक, गोळा तसाच राहिला तर ओली, भुगा झाला तर कोरडी.

साठवणीला आट्यांच्या घट्ट झाकणाची काचेची बरणी पुरते. अमेरिकेत जॉन लँडिस मेसन यांनी अशा बरणीचे पेटंट 1858 मध्ये घेतले, ते फळे-भाज्या टिकवण्यासाठी. झिपच्या प्लास्टिक पिशवीतून वास आणि ओलावा महिन्यांगणिक निसटतो. बरणीतली हवा काढून टाकलीच पाहिजे, असेही नाही. सुरुवातीच्या बदलांना थोडा प्राणवायू लागतो आणि भरलेल्या बरणीत उरते तेवढी हवा त्याला पुरेशी असते. झाकण वारंवार उघडले की मात्र साठलेला वास जातो, म्हणून एका मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या सोयीच्या. कंपनीचा पत्र्याचा डबा अखंड राहील याचीही खात्री नसते. कोकणच्या दमट हवेत त्याला गंज चढतो आणि सुईच्या टोकाएवढे भोक पुरते.

फ्रिजची गरज नाही. थंडीत मुरणे मंदावते. अंधारे, फार न तापणारे कपाट उत्तम. घट्ट झाकणामुळे तंबाखूतला भुंगेराही बाहेर राहतो. हळकुंडाला आणि धण्याला भोके पाडणारा कीडा तोच.

मुरलेल्या व्हर्जिनियाच्या चकत्यांवर कधी पांढरी चमक दिसते आणि ती बुरशी समजून तंबाखू फेकली जाते. भिंगाखाली ते टणक, लकाकणारे स्फटिक दिसतात. वासही गोडसर असतो. बुरशी कापसासारखी लवदार असते, तंतूंनी तुकडे एकमेकांना चिकटवते आणि झाकण उघडताच कुबट वास येतो. तशी बरणी अख्खी टाकावी लागते, कारण वरचा थर काढला तरी तंतू आत उतरलेले असतात.