चारचौघांत काम करितांना

दरसाल परीक्षा संपल्या कीं आमच्या आर्वीचीं कांहीं मुलें शाळेचा निरोप घेऊन निरनिराळ्या वाटांनीं जातात. कोणी जिनिंगांत मुनिमाच्या हाताखालीं बसतो, कोणी अडत्याच्या दुकानीं राहतो, कोणी नागपूर-पुण्याच्या कचेरींत जातो. वर्ष-दोन वर्षांनीं तीं भेटावयास येतात, तेव्हां त्यांची तक्रार बहुधा कामाविषयीं नसते. काम जमतें, असें तीं म्हणतात. माणसें जमत नाहींत. "साहेब एका दमांत दहा गोष्टी सांगतात आणि पुन्हा विचारलें कीं रागावतात," असें एक सांगतो. "शेजारचा मनुष्य तोंडच उघडत नाहीं, त्याच्या मनांत काय आहे कळावें कसें?" असें दुसरा विचारतो. घरीं वडिलांस वाटतें, पोरगा हट्टी निघाला. पोरास वाटतें, साहेब खाष्ट मिळाला. आमचें मत असें आहे कीं पुष्कळ वेळां दोष दोघांचाही नसतो. दोघांच्या विचार करण्याच्या व बोलण्याच्या रीति भिन्न असतात, आणि त्या भिन्न असूं शकतात ही गोष्टच त्यांस कोणी सांगितलेली नसते. ती सांगावी एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम मनाकडे पाहूं. वाचकांनीं क्षणभर डोळे मिटून आज सकाळच्या न्याहरीचें ताट आठवून पाहावें. कित्येकांस ताटांतील भाकरी, शेजारचा तांब्या, पाटाचा रंगसुद्धां स्पष्ट दिसेल. कित्येकांस अंधुक दिसेल. आणि थोड्यांस कांहींच दिसणार नाहीं. काय खाल्लें तें त्यांस पक्कें ठाऊक असतें, पण तें चित्ररूपानें पुढें उभें राहत नाहीं. फ्रान्सिस गाल्टन नांवाच्या इंग्रज पंडितानें हाच न्याहरीच्या मेजाचा प्रश्न अनेकांस विचारून त्याचा वृत्तांत १८८० सालीं छापला. त्याच्या ओळखीचे कित्येक शास्त्रज्ञ चकित झाले. 'मनश्चक्षूंनीं पाहणें' हा केवळ बोलण्याचा अलंकार आहे, अशी त्यांची तोंवर समजूत होती. इतर लोकांस खरोखरच कांहीं दिसतें, ही वार्ता त्यांस नवी होती! पुढें २०१५ सालीं ॲडम झीमन या मेंदूच्या तज्ज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशी चित्रें मुळींच न दिसणाऱ्यांच्या स्थितीस 'अफँटेझिया' हें नांव दिलें. ही स्थिति म्हणजे बुद्धीचा उणेपणा नव्हे. अशीं माणसें उत्तम कामें करीत आलीं आहेत. परंतु अशा मनुष्यास मिस्त्रीनें "ओटा कसा होईल तो डोळ्यांपुढें आणा" असें शंभरदां म्हटलें तरी व्यर्थ. जमिनीवर खडूनें चार रेघा ओढल्या कीं त्यास तत्काळ समजतें. मिस्त्री मात्र मनांत म्हणतो, एवढें साधें ह्यांस कळूं नये ना!

बोलण्याचीही अशीच तऱ्हा आहे. कोणी बोलतां बोलतां विचार करितो. त्याचें पहिलें वाक्य म्हणजे निर्णय नसून चाचपणी असते, तें तो पांच मिनिटांनीं स्वतःच मोडतो. दुसरा मनांतल्या मनांत सारें जुळवून मगच तोंड उघडतो. सभेंत अर्थातच पहिल्याची सरशी होते; दुसरा उत्तर घेऊन येतो तों विषय पुढें निघून गेलेला असतो. पहिला दुसऱ्यास मंद म्हणतो, दुसरा पहिल्यास उथळ म्हणतो, आणि दोघेही चुकतात.

कोणी उघड बोलतो, कोणी आडून. आमच्याकडे एखाद्याचें काम करावयाचें नसलें तर 'नाहीं' असें तोंडावर कोण म्हणतो? 'पाहूं', 'बघतों', 'उद्यां-परवां चक्कर टाका' असें आपण म्हणतों, आणि आपल्या माणसास त्याचा अर्थ बरोबर कळतो. परगांवचा व्यवहारी मनुष्य तेंच वचन समजून परवां खरोखरच येऊन उभा राहतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९७६ च्या आपल्या ग्रंथांत ह्याच भेदाची मीमांसा केली आहे. कांहीं समाजांत अर्थ शब्दांत असतो, कांहींत तो प्रसंगांत, नात्यांत आणि न बोललेल्या भागांत असतो. एकास दुसरा उद्धट वाटतो, दुसऱ्यास पहिला लबाड. आमच्या मतें ह्या एका गैरसमजानें जितक्या चांगल्या नोकऱ्या सुटल्या असतील, तितक्या आळसानें सुटल्या नसतील.

आर्वी हें कापसाचें गांव. येथील म्हाताऱ्या माणसांस न बोलतां बोलण्याची कला सांगावयास नको. हिंदुस्थानांतील पुष्कळ बाजारांत पूर्वीं अडत्या आणि खरीददार रुमालाखालीं हात धरून बोटांच्या दाबानें भाव ठरवीत. दोघांस सर्व कळे. ज्याचा कापूस, त्या शेतकऱ्यास मात्र कांहींच कळत नसे. दोघांची खूण तिसऱ्यास ठाऊक नसली म्हणजे काय होतें, ह्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. नदीपलीकडील वऱ्हाडांत १८९७ सालीं आणि आमच्या मध्यप्रांतांत १९३२ सालीं बाजाराचे कायदे झाले, शेतकी कमिशननेंही १९२८ च्या अहवालांत बाजार नियमांखालीं आणण्याचा आग्रह धरिला, आणि हळूहळू उघड लिलाव ही रीत रूढ झाली. भाव मोठ्यानें पुकारणें म्हणजे ज्यास खुणा समजत नाहींत त्याच्याही हातीं माहिती देणें होय. कचेरींत जेव्हां दोन जुने कारकून नुसत्या नजरेनें एकमेकांस समजून घेतात आणि नवा उमेदवार भांबावतो, तेव्हां आम्हांस हा रुमाल आठवतो.

परंतु भिन्न स्वभावांच्या माणसांनीं एकत्र काम कसें करावें, हें पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, वर्ध्याच्या आसपास, १९२१ पासून पुढील पंचवीस-तीस वर्षें अशा माणसांचा मेळाच भरला होता. विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले आणि १९३८ सालीं पवनारला राहावयास गेले. जमनालाल बजाज हे व्यापारी. गांधीजी १९३६ सालीं शेगांवास येऊन राहिले. त्याच गांवाचें नांव पुढें सेवाग्राम झालें. मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा होते. हे तंजावरकडील ख्रिस्ती घराण्यांतले, लंडनला हिशेब-तपासनीस झालेले, अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकलेले. ह्या सर्वांची ध्येयें जवळ जवळ होतीं, पण मनें एका सांच्यांतून काढलेलीं मुळींच नव्हतीं.

कुमारप्पांचें मन आंकड्यांत आणि नियमांत चाले. १९३४ च्या जानेवारींत बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां मदत-निधीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांजकडे होती. कार्यकर्त्यांच्या खर्चाची मर्यादा त्यांनीं बांधून दिली होती. गांधीजींची मंडळी पाटण्यास आली, तेव्हां त्यांचा खर्च ह्या निधींतून होणार नाहीं, असें कुमारप्पांनीं महादेवभाईंस स्पष्ट सांगितलें. दुसऱ्या कोणा पुढाऱ्यास हा अपमान वाटला असता. गांधीजींनीं कारण विचारून घेतलें आणि तें मान्य केलें. ज्याचें बोलणें कोरडें असतें त्याच्या बोलण्यांत अनादर असतोच असें नाहीं, हें ओळखणारा वरिष्ठ मिळणें ही कुमारप्पांच्या दृष्टीनें मोठीच गोष्ट होती. ओळखलें नसतें, तर कदाचित् त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघास असा चिटणीस लाभला नसता.

दुसरा प्रसंग १९३७ च्या ऑक्टोबरांतला. २२ आणि २३ तारखेस वर्ध्यास शिक्षण-परिषद भरली होती. हस्तव्यवसायांतून शिक्षण द्यावें आणि त्यांतूनच शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची योजना तेथें विचारार्थ होती. डॉ. झाकिर हुसेन ह्यांनीं भर सभेंत सांगितलें कीं ही कल्पना सर्वस्वीं नवी नाहीं, आणि स्वावलंबनावर फाजील भर दिल्यास शिक्षक मुलांस राबवून घेतील. योजना ज्यांची, ते समोरच बसले होते! आणि पुढें अभ्यासक्रम आंखण्यासाठीं जी समिति नेमली, तिचे अध्यक्ष झाकिर हुसेनच झाले. पुढें १९६७ सालीं हेच गृहस्थ भारताचे राष्ट्रपति झाले. विरोध उघड बोलून दाखविणारा मनुष्य कामाचा शत्रु असतो ही समजूत आमच्या संस्थांतून इतकी घट्ट बसली आहे कीं हा प्रसंग आम्ही वारंवार सांगत असतों.

स्वतः गांधीजींची रीत काय होती? ते दर सोमवारीं मौन पाळीत आणि त्या दिवशीं चिठ्ठ्यांवर लिहून उत्तरें देत. लिहून उजवा हात दमला कीं डाव्या हातानें लिहीत. फिरावयास निघाले म्हणजे चालतां चालतां लोकांशीं बोलत. म्हणजे ज्यास लेखी उत्तर हवें त्यास लेखी, ज्यास मोकळें बोलावयाचें त्यास वाटेवर, अशी सोय आपोआप होत असे. महादेवभाई देसाई सारें टिपून ठेवीत, म्हणून बोललेलें वाऱ्यावर जात नसे.

एकाच्या स्वभावांतली उणीव दुसऱ्याच्या स्वभावानें भरून निघाल्याचें सर्वांत गोड उदाहरण मात्र धुळ्याच्या तुरुंगांतलें आहे. १९३२ सालीं विनोबा तेथें कैदेंत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें त्यांनीं गीतेवर केलीं. विनोबांस गणिताची आवड, बोलणें मोजकें. तीं प्रवचनें उतरून घेतलीं साने गुरुजींनीं, ज्यांचें हृदय शब्दाशब्दास भरून येई आणि ज्यांनीं पुढल्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. इतके भिन्न प्रकृतीचे दोघे! परंतु एकानें बोलावें आणि दुसऱ्यानें लिहावें अशी वांटणी झाली, म्हणून 'गीता-प्रवचनें' हा ग्रंथ आज आपल्या हातीं आहे.

येथें पालकांस एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. हें सारें वाचून कोणी आपल्या मुलावर चिठ्ठी चिकटवूं नये कीं हा 'कानानें शिकणारा' आणि ती 'डोळ्यांनीं शिकणारी'. मुलांचे असे वर्ग पाडून त्याप्रमाणें शिकविल्यास तीं अधिक शिकतात काय, ह्याचा अमेरिकेंतील चार मानसशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं कसून विचार केला आणि तसा पुरेसा पुरावा नाहीं असें ठरविलें. एकच मनुष्य हिशेबांत संथ आणि भांडणांत तल्लख असूं शकतो! आवड निराळी, कुवत निराळी. म्हणून वर्ग पाडण्यापेक्षां विचारणें बरें: "तोंडीं सांगूं कीं लिहून देऊं?" ह्या प्रश्नास खर्च कांहींच नाहीं. सभेचा विषय आदल्या दिवशीं कळविला तर मनांत विचार करणाऱ्यासही बोलतां येतें. आणि सांगणाऱ्यानें "समजलें का?" असें न विचारतां "आतां काय करशील तें सांग" असें म्हटलें, तर घोटाळा तेथल्या तेथें बाहेर पडतो.

ह्यांतलें शेवटचें आम्ही ग्रंथांतून शिकलों नाहीं, आपल्याच चुकीनें शिकलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं संमेलनाच्या आदल्या सायंकाळीं घाईघाईंत, व्हरांड्यांत उभ्या उभ्याच, आम्ही एका मुलास आठ-दहा कामें सांगितलीं. तो प्रत्येक वाक्यास "हो सर" म्हणत होता. सकाळीं पाहतों तों तीनच कामें झालेलीं. चारचौघांत आम्हीं त्यास नको तें बोललों, आणि तो उभा राहून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें एक कागद आणून दिला. त्यावर त्यास आठवलेलीं कामें लिहिलीं होतीं, मध्यें जागा कोऱ्या सोडल्या होत्या, आणि खालीं लिहिलें होतें कीं राहिलेलीं आपण भरून द्यावीं, म्हणजे पुढल्या वर्षीं चुकणार नाहीं. त्याचें "हो" म्हणजे "ऐकलें" एवढेंच होतें. "ध्यानांत राहिलें" असा अर्थ आम्हीं आमच्या पदरचा घातला होता. त्याचे वडील भेटले तेव्हां म्हणाले, "सर, घरीं त्याची आई त्याला बाजाराची यादी लिहूनच देते." आम्हांस हें विचारावयाचें कधीं सुचलें नव्हतें. आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. आतां तो एका दुकानीं मापाचा हिशेब पाहतो. त्याच्या वहीस दोऱ्यानें पेन्सिल बांधलेली असते, आणि मालक कांहीं सांगूं लागले कीं तो आधीं ती हातांत घेतो.