दाखल्यापेक्षा नाडेपचा हौद बरा

परसातला पाला जाळायला ग्रामपंचायतीचा दाखला लागतो का, असं होळीच्या सुमारास पुष्कळजण विचारतात. मंडळी, दाखल्यानं भागत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. भुर्दंड ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार. शिवाय वाऱ्यावर ठिणगी उडाली, की शेजाऱ्याची कडब्याची गंजी गेलीच म्हणून समजा.

त्यापेक्षा पुसदच्या पांढरीपांडे काकांचा नाडेप हौद बांधा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत हवेसाठी भोकं ठेवा. पाला, शेणकाला, माती असे थर द्या, ओल राखा. तीन-चार महिन्यांत खत तयार! जाळलेल्या पाल्याची राख वाऱ्यावर जाते, कुजवलेला पाला पिकाला लागतो.