गर्भिणी, क्षीराद, क्षीरान्नाद : एक सहस्र दिवसांचे पोषण

आजचे पोषणशास्त्र ज्याला ‘पहिले १००० दिवस’ म्हणते, तो कालखंड आयुर्वेदास अपरिचित नाही. गर्भावस्थेचे सुमारे २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून तो होतो. सुश्रुताचार्यांनी बालकाच्या क्षीराद (एक वर्षापर्यंत), क्षीरान्नाद (दोन वर्षांपर्यंत) व त्यानंतर अन्नाद अशा अवस्था सांगितल्या आहेत. गर्भिणी अवस्थेस पहिल्या दोन जोडल्या की नेमका हाच काळ येतो. या काळात खुंटलेली उंची पुढे क्वचितच पूर्णपणे भरून निघते.

महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू होऊन या काळावर भर दिला गेला. दोन वर्षांखालील बालकांतील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. परंतु पुढील सुधारणा मंदावली. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४, तर २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले. याच शेवटच्या पाहणीत राज्यातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींना रक्ताल्पता होती.

गर्भिणी : चरकोक्त मासानुमासिक परिचर्येत क्षीर, नवनीत व घृत यांना प्राधान्य आहे. त्यांनी बल मिळते. परंतु दूध-तुपात लोह अत्यल्प असते. म्हणून डाळी, हिरव्या पालेभाज्या व आवळा-लिंबू यांची जोड हवी. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल द्यावयाचे असते. लोहकल्प देणाऱ्या वैद्यांनी या गोळ्या बंद करू नयेत. गोळी दूध वा चहासोबत घेऊ नये, हेही रुग्णेस सांगावे.

क्षीराद : जन्मानंतर तासाभरात स्तनपान व सहा महिने केवळ स्तन्य, हा नियम पाळावा. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. यास्तव एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. गुटीचे अनुपानही त्यास अपवाद नाही.

अन्नप्राशन : काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्यात अन्नप्राशन आहे, सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न आहे. वाढीची आजची गरज पाहता सहा महिने पूर्ण होताच अन्न सुरू करणे श्रेयस्कर. पातळ पेजेने पोट भरते, पोषण होत नाही. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची दाट खीर व वर तूप द्यावे. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा भरवावे व स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

औषधी दुकानदारांसाठी : १९९२ चा कायदा व त्याची २००३ मधील दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालील बालकांसाठीची दूधभुकटी, बालान्न व दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यांचे फलक दुकानात लावू नयेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असल्यास टॉनिक देऊन वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

नवी मुंबईत तुर्भे, दिघा येथील श्रमिक वस्त्यांतील माता बहुधा खोकला-तापाच्या निमित्तानेच आपल्याकडे येते. त्या भेटीत तिच्या गोळ्यांची चौकशी आणि बालकाचा दंडघेर यांसाठी दोन मिनिटे पुरतात. सहस्र दिवसांपैकी तो एक दिवस वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.