हत्तीबद्दल ऐकलेलं आणि खरं असलेलं

आयर्लंडमधल्या नासपासून डब्लिनचं प्राणिसंग्रहालय जेमतेम तीसेक किलोमीटरवर. फिनिक्स पार्कमधल्या या संग्रहालयात 2007 मध्ये आशियाई हत्तींसाठी 'काझीरंगा फॉरेस्ट ट्रेल' सुरू झाला. इकडच्या मराठी घरांतली मुलं हत्ती पहिल्यांदा बघतात ते बहुधा तिथेच. पण कठड्यापाशी उभं राहून आपण त्यांना जे सांगतो, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

'सगळ्यांत मोठा नर हा कळपाचा राजा.' खरं तर कळप चालवते ती वयस्क हत्तीण. सोबत तिच्या बहिणी, लेकी, नाती. नर वयात येताना, साधारण दहा-पंधराव्या वर्षी, कळप सोडतो. म्हणून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे एकटा टस्कर दिसला की तो पिसाळलाय, असं धरून चालू नये. गंडस्थळातून मद वाहू लागला की त्याच्यापासून लांबच राहावं, पण मद हा आजार नव्हे. धडधाकट नराला ठरावीक काळाने येणारी ती अवस्था आहे.

'हत्ती सोंडेने पाणी पितो.' नीट पाहा: तो सोंडेत पाणी ओढतो, सोंड वळवतो आणि पाणी तोंडात सोडतो. सोंड म्हणजे शेवटी नाकच.

'एवढं धूड, पाण्यात बुडणारच.' हत्ती उत्तम पोहतो. अंग पाण्याखाली आणि श्वासासाठी सोंड वर. यामागचं एक गुपित डब्लिनमध्येच उघडं पडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. जून 1681 मध्ये या शहरात लोकांना दाखवायला आणलेला एक हत्ती मांडवाला आग लागून मेला. गर्दी त्याचे तुकडे पळवू लागली, तेव्हा पहारा बसवावा लागला. ॲलन मलिन या वैद्याने खाटकांना हाताशी धरून रातोरात त्याचं विच्छेदन केलं आणि 1682 मध्ये ते छापलं. फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली त्याला दिसली. माणसात असं आढळलं तर डॉक्टर काळजीत पडतात. हत्तीत मात्र तीच निरोगी रचना. आपल्या फुप्फुसांभोवती जी बारीक फट असते, ती त्याच्यात तंतूंनी भरलेली असते. खोल पाण्यात सोंडेने श्वास घेताना दाबाच्या फरकाने तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून ही सोय असावी, असा शरीरशास्त्रज्ञांचा कयास आहे.

जुलै 2024 मध्ये डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अवनी आणि झिंडा या दोन लहान वयाच्या हत्तिणी हत्तींच्या हर्पिस विषाणूने गेल्या. या विषाणूची लागण माणसाला होत नाही. ती फक्त बंदिस्त हत्तींनाच होते, हेही खरं नाही. दक्षिण भारतातल्या जंगलांत रानटी पिल्लंही या विषाणूने मेली आहेत. मोठ्या हत्तींच्या अंगात तो बहुधा निपचित असतो, कोवळ्या वयात मात्र घात करतो.

आणि 'हत्ती जंगलाची नासधूस करतो'? केळीची बाग एका रात्रीत गेलेल्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण जंगलात चित्र वेगळं. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, त्यातला निम्म्याहून कमी पचतो. उरलेला लिदीतून बाहेर पडतो, तोही बियांसकट आणि मूळ झाडापासून कितीतरी लांब. मोठ्या करमळाचं टणक फळ अख्खं गिळणारे प्राणी थोडेच. बंगालच्या बक्सा जंगलात या झाडाच्या बिया पसरवण्याचं सर्वांत मोठं काम हत्तीच करताना आढळला.